जंतू दिसले नाहीत, तरी औषध का?

कुष्ठरोगाच्या संशयावरून चट्ट्याचा तुकडा तपासायला गेला, की आठवडाभरात हातात एक कागद येतो. इंग्रजीत दहा-बारा ओळी आणि शेवटी 'ए.एफ.बी. निगेटिव्ह'. घरातला एखादा शिकलेला भाचा तेवढीच ओळ वाचून दाखवतो आणि सगळे निर्धास्त होतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तोच कागद बघून म्हणतात, "सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतील." इथे गाडी अडते. जंतूच नाहीत तर गोळ्या कशाच्या? मग कोणी दुसऱ्या डॉक्टरकडे जाते, कोणी कुठेच जात नाही. काही जण पुढे कधीतरी वाकलेली करंगळी घेऊन परत येतात.

कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यात जंतू न दिसणे हे नेहमीचेच आहे. दिसले तर आम्हा पॅथॉलॉजिस्टांनाच आनंद होतो, कारण मग वाद उरत नाही. या टप्प्यावर निदान ठरते ते मुख्यतः कातडीतल्या बारीक नसांना काय झाले आहे यावरून. म्हणून रिपोर्टमधली जंतूंची ओळ शेवटी वाचावी आणि नसेची ओळ आधी शोधावी.

पण कागदाच्याही आधी चट्टा येतो.

चट्टा घरी कसा पाहावा

अंग उघडे करून, दिवसाउजेडी, खिडकीतून तिरका उजेड येईल असे उभे राहून पाहावे. पाठ, ढुंगण, मांड्यांची मागची बाजू आपली आपल्याला दिसत नाही. तिथे घरातल्या माणसाची मदत घ्यावी. संकोचापायी नेमकी हीच जागा राहून जाते. कुष्ठरोगाचा सुरुवातीचा चट्टा बहुधा एकटा असतो. गाल, दंडाची किंवा मांडीची बाहेरची बाजू, ढुंगण, पाठ या त्याच्या जागा. रंग आजूबाजूच्या कातडीपेक्षा थोडा फिका किंवा तांबूस. कडा अस्पष्ट, म्हणजे चट्टा नेमका कुठे संपतो हे बोटाने दाखवता येत नाही. खाज नसते, खवले निघत नाहीत, दुखत नाही. काहीच त्रास नसल्यामुळे तो वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतो.

दुधासारखा पांढराशुभ्र डाग असेल तर तो कोड असण्याची शक्यता जास्त. कुष्ठरोगाचा चट्टा तितका पांढरा कधीच होत नाही. नखाने खरवडल्यावर बारीक कोंडा निघत असेल आणि घामाच्या दिवसांत वाढत असेल तर बहुधा शिबे. गोल, कडेने पुरळ आणि रात्री झोपू न देणारी खाज असेल तर नायटा. लहान मुलांच्या गालावरचे भुरकट डाग बहुतेक वेळा साध्या कोरड्या कातडीचे असतात. त्यांना 'जंत झालेत' म्हणून जंताचे औषध देण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याने डागाला फायदा होत नाही. जन्मापासूनची खूण ही जन्मखूणच. पण हे सगळे ठोकताळे आहेत. तीन-चार महिने न हललेला, न खाजणारा फिका डाग असेल तर ठोकताळ्यांवर न थांबता दाखवून यावे.

मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी मिश्र मलमे मात्र लावू नयेत. त्यात स्टिरॉइड असते. त्याने तांबूसपणा उतरतो, कातडीतली पेशींची गर्दी पांगते आणि मग तुकडा काढला तरी आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली फारसे काही सापडत नाही. असे मलम आधीच लावून झाले असेल तर डॉक्टरांना न लाजता नावासकट सांगावे.

बधिरपणा घरी तपासता येतो. डोळे मिटायला सांगा. कापसाची बारीक वात किंवा बॉलपेनचे टोक आधी निरोगी कातडीवर, मग चट्ट्यावर हलकेच टेकवा आणि जिथे लागले तिथे बोट ठेवायला सांगा. कापूस ओढू नका, टेकवून उचला. सुई वापरू नका, आणि गरम चमचा किंवा उदबत्ती तर अजिबात नको. बधिर जागेवर भाजलेले माणसाला कळत नाही आणि जखम महिनाभर पुरते. चट्ट्यावरचे स्पर्श चुकत असतील तर कागदाची, बायोप्सीची वाट पाहण्याचे कारणच नाही. फिक्या किंवा तांबूस चट्ट्यात नक्की बधिरपणा एवढी एक खूण निदानाला पुरते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी उपचार सुरू होऊ शकतात. चट्टेवाल्या प्रत्येकाने तुकडा काढून घ्यावा असे मुळीच नाही.

अडचण होते ती दोन ठिकाणी. एक चेहरा: तिथे नसांचे जाळे इतके दाट असते की चट्टा कुष्ठरोगाचा असूनही स्पर्श कळत राहतो. दुसरी लहान मुले: पाच-सहा वर्षांचे पोर आपल्याला खूश करायला 'लागलं, लागलं' म्हणत राहते. शिवाय चट्टा फार कोवळा असेल तर हलका स्पर्श अजून शाबूत असतो. आधी गरम-थंडाची जाणीव जाते, मग स्पर्शाची. अशा वेळी डॉक्टर तीनेक महिन्यांनी पुन्हा बोलावतात किंवा बायोप्सी सुचवतात. दोन्ही योग्यच आहेत. बोलावले तर जाणे मात्र चुकवू नये, कारण त्या तीन महिन्यांत चट्टा आपली दिशा दाखवतो.

कातडीच्या आत

हा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेन गावी गेरहार्ड आर्मॉर हॅन्सेन यांनी पाहिला. दीडशे वर्षे उलटली तरी तो कोणत्याही प्रयोगशाळेला बशीतल्या खाद्यावर वाढवता आलेला नाही. त्याची जवळजवळ निम्मी जनुके निकामी झाली आहेत. जिवंत पेशीच्या आत राहिल्याशिवाय त्याचे भागत नाही. एकाचे दोन व्हायला त्याला १२ ते १४ दिवस लागतात. जुलाब करणारे साधे जंतू हे काम वीस मिनिटांत उरकतात. या संथपणामुळे संसर्ग आणि पहिला चट्टा यांत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. 'कुणाकडून लागला' याचा शोध म्हणूनच फारसा उपयोगाचा नसतो. या जंतूला थंडावा मानवतो, ३० अंशांच्या आसपासचा. डोक्याची कातडी, काख, जांघ अशा उबदार जागा तो बहुधा सोडतो आणि कानाची पाळी, नाक, कोपरा-गुडघ्याजवळच्या नसा धरतो. काखेत किंवा जांघेत एकुलता एक चट्टा असेल तर आम्ही आधी दुसरेच काही शोधतो.

कातडीत शिरल्यावर त्याची आवडती जागा म्हणजे नसेभोवतीचे आवरण तयार करणारी श्वान पेशी. जंतूच्या अंगावर एक मेदयुक्त साखर-पदार्थ असतो. श्वान पेशीभोवतीच्या लॅमिनिन नावाच्या प्रथिनाला तो नेमका चिकटतो आणि जंतूला आत प्रवेश मिळतो. नसेच्या आत शरीराच्या संरक्षक पेशींची ये-जा कमी असते, त्यामुळे तिथे तो बराच काळ बिनबोभाट राहतो.

मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये काम केलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी या कोवळ्या चट्ट्यांच्या ऊतींचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा अहवाल १९५१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला. चट्टा नुसता कातडीचा आजार समजून पाहू नका, त्यातल्या अगदी बारीक नसांकडे पाहा, हा त्या परंपरेचा धडा. आजही सूक्ष्मदर्शकावर बसलेला माणूस तेच करतो.

आम्हाला काय दिसते? कोवळ्या, अजून कोणतीच बाजू न घेतलेल्या चट्ट्याला 'इंडिटरमिनेट' म्हणतात. कमी मोठेपणाने पाहिले तर कातडी जवळजवळ नेहमीसारखीच. नीट पाहिले की अंतस्त्वचेत ठिकठिकाणी लहान गडद निळ्या पेशींचे पुंजके दिसतात. या लिम्फोसाइट पेशी रक्तवाहिन्यांभोवती, घामाच्या ग्रंथींभोवती आणि केसांच्या मुळांभोवती जमलेल्या असतात. इथपर्यंत काहीच सिद्ध होत नाही. इसबातही, किडा चावल्यावरही असे पुंजके दिसतात. मग भिंग वाढवून एकेक नस शोधायची. नस म्हणजे फिक्या गुलाबी, किंचित नागमोडी धाग्यांची बारीक जुडी. तिच्याभोवती पेशींनी कडे केले आहे का, त्या आवरण ओलांडून आत घुसल्या आहेत का, आतल्या श्वान पेशींची संख्या वाढली आहे का, हे बघायचे. शेजारची रक्तवाहिनी मोकळी आणि नस मात्र पेशींनी वेढलेली, असे चित्र दिसले की संशय पक्का होऊ लागतो. अंगावर काटा आणणारा केसामुळाचा छोटा स्नायूही तपासायचा, तिथेही हा जंतू दडतो.

सगळे जुळले आणि नशीब असले तर एखाद्या नसेत निळ्या पार्श्वभूमीवर एक लालभडक काडी दिसते. लांबी काही मायक्रॉन, जाडी त्याहून पुष्कळ कमी. एकच. पण नसेच्या आतली ती एक काडी सगळा वाद मिटवते.

हिशेब करून पाहा

ती काडी बहुधा का सापडत नाही, याचा हिशेब साधा आहे. ग्रॅमभर ऊतीत दहा हजारांच्या आसपास जंतू असले, तर सूक्ष्मदर्शकाखाली एखादा सापडण्याची शक्यता सुरू होते. चट्ट्यातून काढलेला तुकडा ४ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर खोल असेल तर त्याचे वजन साधारण ६० मिलिग्रॅम भरते. म्हणजे त्यात जंतू जेमतेम सहाशे. हा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून ५ मायक्रॉन जाडीचे काप काढतात. ४ मिलिमीटरचे असे ८०० काप होतील. एका कापाच्या वाट्याला एक जंतूही येत नाही. आणि आम्ही काप पाहतो किती? दोन-चार, फार तर दहा-बारा. पोळ्यांच्या उंच चवडीतली वरची एक पोळी उलटून 'यात केस नाही' म्हणावे, तसला हा प्रकार. कोवळ्या चट्ट्यात तर जंतू याहूनही कमी असतात.

तेव्हा 'ए.एफ.बी. निगेटिव्ह' या ओळीचा अर्थ एवढाच, की पाहिलेल्या कापांत जंतू सापडले नाहीत. आजार नाही असे ती ओळ म्हणत नाही.

याच हिशेबातून रुग्णाने करायच्या काही गोष्टी निघतात. तुकडा कुठून काढणार, हे डॉक्टरांना विचारा. तो चट्ट्याच्या आतल्या बाजूने, कडेला लागून, जिथे चट्टा सर्वांत ताजा वाटतो तिथून घ्यावा. निम्मा चट्टा निम्मी चांगली कातडी असा नको, आणि जुन्या चट्ट्याच्या बऱ्या होत आलेल्या मध्यातूनही नको. तुकडा खोल हवा, खालच्या चरबीचा थर येईपर्यंत. नसा खोल असतात आणि वरवर खरवडलेल्या तुकड्यात त्या येतच नाहीत. 'नसा आढळल्या नाहीत' असे रिपोर्टमध्ये लिहिले असेल तर तो रिपोर्ट निगेटिव्ह समजू नका, तो अपुरा समजा. तशाच वाक्यांवर निश्चिंत होऊन घरी बसलेले रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून हे ठासून सांगतो. भूल देऊन काढलेल्या तुकड्याच्या जागी एखाद-दुसरा टाका पडतो, आठवड्यात निघतो. चेहऱ्यावर व्रण नको असेल आणि अंगावर दुसरा चट्टा असेल तर तोही निवडता येतो, बोलून पाहावे.

तुकड्यासोबत जाणारा अर्ज कोरा नसावा. चट्टा कधीपासून, किती, कुठे, स्पर्श कळतो की नाही, कुठली नस जाड लागते, घरात पूर्वी कुणाला हा आजार होता का, कोणते मलम लावले, हे सारे त्यावर हवे. 'त्वचा बायोप्सी, कृपया मत द्यावे' एवढ्यावर आलेल्या तुकड्यात आम्ही अर्धे आंधळेच असतो.

आणि रंग. क्षयाच्या थुंकीला जो नेहमीचा रंग वापरतात तो कुष्ठरोगाच्या तुकड्याला पुरत नाही. या जंतूचे मेणचट कवच नाजूक. तुकड्यातले मेण काढायला वापरल्या जाणाऱ्या झायलीनमध्ये ते धुपून जाते आणि जंतू रंग धरत नाही. त्यावर उपाय म्हणून झायलीनमध्ये तेल मिसळतात. हे तेल बहुतेकदा शेंगदाण्याचे असते. प्रयोगशाळेत शेंगतेलाची बाटली पाहून नवीन विद्यार्थी हसतात, पण जंतूचे कवच तिच्यामुळेच टिकते. या पद्धतीला फाइट-फराको म्हणतात. रिपोर्टमध्ये 'फाइट' हा शब्द नसेल आणि संशय कायम असेल, तर त्याच ठोकळ्यातून आणखी काप काढून या रंगाने तपासण्याची विनंती डॉक्टरांमार्फत करता येते. पुन्हा तुकडा काढावा लागत नाही. मोठ्या केंद्रांत नसेच्या पेशी वेगळ्या रंगवणारी एस-१०० ही चाचणी होते. तुटलेल्या नसेचे अवशेष तीत उठून दिसतात. जंतूची जनुके शोधणारी पीसीआर तपासणीही काही ठिकाणी असते. ती निगेटिव्ह आली तरी वरचाच नियम लागू.

जिथे बधिरपणा नाही आणि जंतू मात्र लाखो

आतापर्यंतचे वाचून कुणी म्हणेल, स्पर्श कळतो आहे ना, मग झाले. तर तेही नाही.

शरीराने जंतूविरुद्ध जोर धरला तर आजार एका बाजूला जातो: थोडे चट्टे, स्पष्ट उठावदार कडा, ठार बधिरपणा. सूक्ष्मदर्शकाखाली एपिथेलिऑइड पेशी आणि लँगहान्स नावाच्या मोठ्या पेशी यांची घट्ट गाठ दिसते, तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. ती नसेला गिळून टाकते आणि जंतू जवळपास शून्य. सारकॉइडसारख्या आजारातही अशा गाठी दिसतात, पण तिथे नसा शाबूत असतात. पुन्हा नसच निकाल देते.

शरीराने जंतूला ओळखलेच नाही तर आजार दुसऱ्या टोकाला जातो. इथले सुरुवातीचे चट्टे फसवे असतात. लहान, पुष्कळ, अंगाच्या दोन्ही बाजूंना सारखे, इतके पुसट की तिरक्या उजेडाशिवाय दिसत नाहीत. कातडीला एक तुकतुकी येते. 'तब्येत सुधारली' असेही कुणी म्हणते. चट्ट्यांवर स्पर्श नीट कळतो. तुकड्यात मात्र बाह्यत्वचा चपटी झालेली, तिच्याखाली एक मोकळा पट्टा, आणि त्याखाली फेसाळलेल्या भक्षक पेशींच्या रांगा दिसतात. या पेशी जंतूंनी गच्च भरलेल्या असतात. जंतू एकेकटे नसतात, विड्यांच्या बंडलासारखे जुडग्याने असतात. नाक सतत चोंदणे, अधूनमधून नाकातून रक्त येणे, भुवयांची बाहेरची टोके विरळ होणे, कानाच्या पाळ्या जाड लागणे, यांतले काही जोडीला असेल तर बधिरपणाची वाट पाहू नका.

अशा रुग्णात तुकड्यापेक्षा सोपी आणि स्वस्त तपासणी म्हणजे स्किन स्मिअर. कानाची पाळी दोन बोटांत किंवा चिमट्यात दाबून पांढरी पडू देतात, म्हणजे रक्त येत नाही. पात्याने ५ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर खोल छेद घेतात, पाते आडवे फिरवून छेदाच्या तळाशी आणि कडांना खरवडतात आणि निघालेला द्रव काचपट्टीवर लहान वर्तुळात पसरवतात. दाब सोडेपर्यंत जे दुखते तेवढेच. वर कापूस दाबून रुग्ण चालत घरी जातो. दोन्ही पाळ्या, कधी कपाळ, आणि एखाद्या चट्ट्याची कड एवढ्या जागा पुरतात. स्मिअरमध्ये रक्त मिसळले तर वाचन बिघडते, म्हणून दाब हेच यातले कसब. ही तपासणी पूर्वी गावोगावचे कुष्ठरोग तंत्रज्ञ हातखंड्याने करत. निदान लक्षणांवर करायचे ठरल्यावर आणि कुष्ठरोगाचे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाल्यावर हा हात पुष्कळ ठिकाणी मोडला, आणि हे नुकसान आपण ओढवून घेतले असे माझे मत आहे.

स्मिअरच्या रिपोर्टवर ० ते ६+ असा आकडा असतो. १+ म्हणजे शंभर क्षेत्रे (क्षेत्र म्हणजे सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसतो तेवढा भाग) चाळल्यावर १ ते १० जंतू. २+ म्हणजे दहा क्षेत्रांत तेवढे. ३+ म्हणजे प्रत्येक क्षेत्रात तेवढे. पुढे दर पायरीला दसपट, आणि ६+ म्हणजे एकेका क्षेत्रात हजाराहून जास्त. या आकड्याने घाबरून कुणाची भांडी वेगळी करू नका. हा आजार उपचार न झालेल्या रुग्णाच्या नाकातोंडावाटे, दीर्घ सहवासातून पसरतो. बहुसंख्य माणसांत त्याविरुद्ध उपजतच ताकद असते आणि औषध सुरू झाल्यावर रुग्णाकडून लागण होण्याची शक्यता झपाट्याने संपते.

मग औषध का?

पहिल्या प्रश्नाकडे येऊ. इंडिटरमिनेट चट्ट्यांपैकी दर चारांतले तीन आपोआप बरे होतात, हे खरे आहे आणि रुग्णापासून ते लपवण्याचे कारण नाही. चौथा मात्र वरच्या दोन टोकांपैकी एकाकडे, किंवा मधल्या अवस्थांकडे सरकतो आणि नस घेऊन जातो. तुमचा चट्टा तिघांतला की चौथा, हे सांगणारी तपासणी आज कुणाकडे नाही. गेलेली नस परत येत नाही, आणि सहा महिन्यांच्या गोळ्या फुकट मिळतात. निर्णय या तुलनेवर होतो.

सरकारी वर्गवारीत पाचपर्यंत चट्टे असले तर असांसर्गिक, म्हणजे पीबी. त्याहून जास्त चट्टे, नसांचा जास्त सहभाग किंवा स्मिअर पॉझिटिव्ह असेल तर सांसर्गिक, म्हणजे एमबी. पीबीला सहा महिने, एमबीला बारा. पूर्वी पीबीला दोनच औषधे देत. १ एप्रिल २०२५ पासून भारतात पीबीलाही रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमीन ही तिन्ही देतात. महिन्याचा एक पत्ता असतो. पहिला डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा, बाकीचा घरी रोज. पहिल्या डोसच्या दिवशी लघवी लालसर होते, घाबरायचे नाही. क्लोफाझिमीनने कातडी काळवंडते. हे आधी न सांगितल्यामुळे, विशेषतः लग्नाळू मुली, गोळ्या मध्येच सोडतात. औषध संपल्यावर काही महिन्यांत रंग हळूहळू परत येतो. डॅप्सोन सुरू झाल्यावर महिना-दीड महिन्यात ताप आणि अंगभर पुरळ आले, किंवा डोळे पिवळे दिसले, धाप लागू लागली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पूर्वी गोळ्यांची अशी काही रिअॅक्शन आली असेल, रक्त कमी असेल किंवा गरोदरपण असेल तर ते पत्ता घेतानाच सांगावे.

गोळ्या सुरू असताना किंवा संपल्यावरही चट्टा एकाएकी लाल, फुगलेला होऊ शकतो, कोपरात किंवा घोट्याजवळ कळ येऊ शकते. शरीर जागे होऊन जंतूंवर, मेलेल्यांवरसुद्धा, तुटून पडते आणि त्या हाणामारीत नस चेंगरते. औषध लागू पडले नाही, असा याचा अर्थ नसतो. गोळ्या बंद करायच्या नाहीत आणि दिवसही घालवायचे नाहीत. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड वेळेत मिळाले, म्हणजे नसेचा अधूपणा सहा महिन्यांच्या आतला असेल, तर ताकद परत येण्याची शक्यता चांगली असते. चपलेचा अंगठा पकडता येतो का, करंगळी उरलेल्या बोटांना चिकटवून धरता येते का, डोळे पूर्ण मिटतात का, एवढे घरच्या घरी रोज बघावे.

एमबी रुग्णांना पुढे आणखी एक कागद चकवतो. वर्षभराचा कोर्स पुरा झाला आणि हौसेने स्मिअर केला, तर तो पॉझिटिव्हच येतो. औषध वाया गेले असे वाटते. रिफॅम्पिसिनच्या पहिल्या काही डोसांतच बहुतेक सगळे जिवंत जंतू मरतात, पण त्यांची कलेवरे शरीर फार सावकाश उचलते. वरचा आकडा वर्षाला साधारण एकाने उतरतो. ५+ असलेल्याचा शून्य व्हायला चार-पाच वर्षे लागली तर ते ठरल्याप्रमाणेच आहे. अशा रिपोर्टमध्ये जंतू सलग रंगलेले आहेत की तुकड्या-तुकड्यांचे, कणीदार, हे विचारून घ्यावे. तुकडे झालेले जंतू मेलेले असतात. सलग रंगलेले पुन्हा दिसू लागले किंवा नवे चट्टे आले तरच पुढचा विचार.

घरातल्यांचे काय? एकाच छपराखालच्या सगळ्यांचे अंग एकदा तपासून घ्यावे, मुलांचे विशेषतः. ज्यांना चट्टे नाहीत त्यांना रिफॅम्पिसिनचा एकच प्रतिबंधक डोस सरकारी केंद्रात देतात. आधी क्षयाचा संशय नाही ना हे बघूनच, त्यामुळे खोकला असेल तर सांगावे. आशाताई सर्वेक्षणाला घरी येतील तेव्हा 'आमच्यात कुणाला काही नाही' म्हणून दारातून परत पाठवू नये. पाठ त्यांनाच दाखवता येते.

शेवटी त्या मेणाच्या ठोकळ्याबद्दल. रिपोर्ट दिला म्हणजे प्रयोगशाळेने तुकडा फेकून दिला असे होत नाही. ठोकळा आणि काचपट्ट्या त्यांच्याकडे जपून ठेवलेल्या असतात आणि दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवायच्या म्हणून तुम्हाला लेखी अर्जावर मिळू शकतात. रिपोर्टवरचा नमुना क्रमांक लिहून ठेवा, घरचा कागद हरवला तरी क्रमांकावरून शोध लागतो. चट्टा आणि रिपोर्ट यांचे जमत नसेल, म्हणजे कातडी बधिर आणि कागद म्हणतो 'साधी सूज', तर नवा तुकडा काढण्याआधी तो जुना ठोकळाच पुन्हा कापून घ्या.